हात पाठीमागे

कुठल्याही इंजिनाला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायचे. मग तळवे स्वतःच्या गालाला लावून ऊब बघायचे, आणि त्यानंतरच ते वीतभर लांबीचं पत्र्याचं इंजिन उचलायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पूजेबिजेचा काही प्रकार असेल. मी विचारलंही.

"थंड हात लावू नये," ते म्हणाले. "दचकतं."

"कोण, इंजिन?"

"चाळीस वर्षांची सवय आहे हो. आता पेशंट पत्र्याचे आलेत, एवढाच फरक."

ते ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तुम्ही माझ्या वयाचे असाल तर कंपाउंडर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. लाकडी खिडकीतून एक हात बाहेर यायचा, त्यात लाल औषधाची बाटली, आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी. डॉक्टर दोन मिनिटं भेटायचे. बरं वाटायचं ते त्या खिडकीतल्या हाताने. यांच्या हाताची तर नाक्यावर ख्याती होती. पोराला इंजेक्शन द्यायचं असलं की आया अडून बसायच्या, डॉक्टरांनी नको, कंपाउंडरनीच द्यायला हवं.

"सुई दुखत नाही, घाई दुखते," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांना सगळीकडे चालायचं. रिक्षावाल्याला सांगताना, चहा ओतताना, दोघांचं भांडण सोडवताना. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच वाक्य असतं त्यांच्याकडे, पण ते स्वतः त्याप्रमाणे वागत असतात, म्हणून आपण हसलो तरी ऐकतो.

माझी त्यांची गाठ औषधाच्या खिडकीत पडली नाही. ती पडली खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे, आणि हे सांगताना मला अजूनही थोडं ओशाळायला होतं. मी राहतो कल्याणला, नोकरी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत. पंचेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःसाठी सेलवर चालणारी आगगाडी विकत घेतली आणि बायकोला सांगितलं, भाच्यासाठी आहे.

"अहो, भाच्याला मिशी फुटली," ती म्हणाली.

"मग राहू दे आपल्याकडेच," मी म्हणालो, आणि पलंगाखाली रूळ मांडले.

लहानपणी आमच्या शेजारच्या घरात अशी गाडी होती. ती चालवायची त्यांनी आणि बघायची आम्ही, तीही दाराबाहेरून. ते बघणं अंगात कुठेतरी राहिलं असणार. नंतर कचेरीतल्या एकाकडून कळलं, की ठाण्यातच खोपटला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्यांची बैठक भरते. मी गेलो. खाली लग्न चालू होतं, जिन्यात मसालेभाताचा वास, आणि वर दहा-बारा पोक्त माणसं जमिनीवर पालथी पडून एका बोगद्यात डोकावत होती. मला तिथेच बरं वाटलं.

त्या मंडळाचा एक नियम होता. नव्या माणसाने पहिल्या तीन बैठका हात पाठीमागे ठेवायचे. बघायचं, विचारायचं, चहापुरता एक हात पुढे आणायची सूट, पण कुणाच्या गाडीला बोट लावायचं नाही. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी जुन्यांपैकी एकाने उठून "यांचे हात चांगले आहेत" असं म्हणायचं, की तुम्ही सभासद. कुणीच उठलं नाही, तर मुकाट्याने घरी जायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण जुन्या पत्र्याच्या खेळण्यावरचा रंग एकदा खरवडला की संपलं. नवा रंग दिलेली गाडी या लोकांत कुणी जवळ करत नाही.

अध्यक्ष होते एक कंत्राटदार, साठीला टेकलेले, बोटांत अंगठ्या. त्यांच्या आवाजाने खालच्या मांडवातले भटजी दबून जायचे. पण कंपाउंडर आत आले, की या गृहस्थांचा डावा हात आपोआप उजव्या दंडावर जायचा. पाच वर्षांचे असताना त्यांना यांनी इंजेक्शन दिलं होतं.

"पळून गेलेलात तुम्ही," कंपाउंडर म्हणायचे. "तळ्यापर्यंत."

"अहो काका, किती वर्षं झाली!"

"अर्धा डोस राहिलाय अजून."

सगळे त्यांना कंपाउंडर म्हणत. मी काका म्हणायला लागलो, कारण पहिल्या दिवशी हात पाठीमागे धरून उभा असताना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले ते हेच. त्यांनीही हात पाठीमागे धरले. "सोबत," म्हणाले.

त्यांच्याकडे गाडी एकच. हिरवं इंजिन, तीन डबे आणि गोलभर रूळ, चावीची. पायाला न भरणारी जखम झालेल्या एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग त्यांनी कित्येक महिने रोज घरी जाऊन केलं होतं. तो मुलाकडे पुण्याला जायला निघाला तेव्हा माळ्यावरून एक खोका काढून यांच्या हातात दिला. आपल्या लहानपणची गाडी आहे, म्हणाला. यांनी ती तीस वर्षं जपली. चावी बँडेजच्या पट्टीला बांधलेली असायची आणि पट्टी गळ्यात. बनियनच्या आतून ती चावी बाहेर काढताना ते इतके गंभीर व्हायचे, की आम्हीही बोलायचे थांबायचो.

चावी द्यायचे अकरा अर्धे फेरे. मोठ्याने मोजून. बारावा नाही. "म्हातारी स्प्रिंग आहे. अकरात जेवढं जाईल तेवढं जायचं." गाडी चार वेटोळी घ्यायची आणि पाचव्याला अर्ध्यात थांबायची. ती थांबली की ते मान हलवायचे, रोग्याने आज बरं खाल्लं असं ऐकल्यावर हलवावी तशी.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला हलकी थरथर सुरू झाली होती. फार नाही. चहाची बशी किंचित वाजायची. आम्ही सगळे ती न ऐकल्यासारखं करायचो. ते स्वतः मात्र बशीकडे बघायचे.

माझ्या तिसऱ्या बैठकीला ते उशिरा आले. सुनेला सकाळीच डोंबिवलीच्या दवाखान्यात दाखल केलं होतं. "तिथे बसून मी येरझाऱ्या घालत होतो. मुलगाच म्हणाला, बाबा, तुम्ही खोपटला जा, तुमच्यामुळे नर्स घाबरतायत." आम्ही हसलो. मी सगळ्यांसाठी चहा आणायला खाली गेलो. वर आलो तर ते टेबलाशी एकटेच होते, इंजिन समोर, आणि फोन वाजत होता. फोनवर नाव बघताच ते तसेच उठले आणि बाहेर गच्चीत गेले. बाकीचे पलीकडच्या कोपऱ्यात बोगद्याच्या डागडुजीत गुंतलेले.

चावी इंजिनातच राहिली होती. बँडेजची पट्टी टेबलावरून खाली लोंबत होती.

आता खरं सांगतो. अडीच बैठका मी हात पाठीमागे धरले होते, आणि त्याआधी लहानपणची सगळी वर्षं दाराबाहेरून बघण्यात गेली होती. मला ती चावी फक्त एकदा फिरवून बघायची होती. एकदा फिरवली. इतकं छान वाटलं ते हाताला. म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मनात म्हटलं, अकरापर्यंत देऊन ठेवू, काका आले की नुसती सोडतील. त्यांनी आधीच काही फेरे दिले असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौथ्याला चावी अडली. हाताला कळलं होतं की ती नको म्हणतेय. पाचव्याला मी जोर लावला.

आत खट् झालं. मोठा आवाज नव्हे, सुपारी फुटावी एवढाच. चावी हातात सैल पडली. मी हात पाठीमागे नेले आणि दोन पावलं मागे सरलो.

ते गच्चीतून आले तेच ओरडत. "नात! नात झाली!" चाळीस वर्षांत त्या माणसाचा आवाज कधी वर चढला नसेल. अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली, कुणीतरी खालच्या लग्नातून जिलबी मागून आणली. ते डोळे पुसत टेबलाशी आले. "आता हिच्या नावाने गाडी सोडतो," म्हणाले, आणि चावीला हात घातला.

चावी गरगर फिरली. त्यांनी पुन्हा फिरवली. मग ते थांबले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मी जास्त दिले का?" ते स्वतःशीच म्हणाले. "फोन आला तेव्हा... किती झाले होते?"

"काका, जुनी स्प्रिंग, कधीतरी जायचीच," अध्यक्ष म्हणाले.

"नाही, नाही. हात चुकला. हाताला भान राहिलं नाही."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेवढंच एक वाक्य होतं, मी केलं, माझ्या हातून झालं. पण खोलीत जिलबीचा वास होता, त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं, आणि आणखी पंधरा मिनिटांनी मला सभासद करायचं की नाही हे ठरायचं होतं. बाकी कारणं मी नंतर जमवली. खरं कारण ते शेवटचं. आगगाडीच्या खेळासाठी, लक्षात घ्या.

आणि पंधरा मिनिटांनी उठले कोण, तर तेच. "मी सांगतो," म्हणाले. "तीन बैठका बघतोय मी यांना. यांचे हात चांगले आहेत." टाळ्या वाजल्या. मी सभासद झालो.

त्यानंतर जे केलं त्याला तुम्ही प्रायश्चित्त म्हणा, मी लपवाछपवीच म्हणतो. मी त्यांना म्हणालो, इंजिन माझ्याकडे द्या, कल्याणला एक जुने घड्याळजी आहेत. घड्याळजींनी पत्रा उघडला, भिंग लावलं, आणि विचारलं, "कुणी जोर लावला हो?"

"वय झालंय त्यांचं. हात थरथरतो," मी म्हणालो. हे वाक्यसुद्धा माझ्या तोंडून गेलं आहे.

"थरथरीनं नाही तुटत ही. थरथरणारा माणूस जपून फिरवतो. ही जोरानं तुटलीय."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग कापून, वाकवून बसवली. गाडी पुन्हा चालली, आधीपेक्षा एक वेटोळं जास्तच. पुढच्या बैठकीला मी ती टेबलावर सोडली तेव्हा कंपाउंडरनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणाले. मग गळ्यातली पट्टी काढली आणि चावीसकट माझ्या गळ्यात घातली. "आता चावी तुम्हीच देत जा. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"काका, असं काय करता..."

"अहो, मला कळतं ना. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात बघितलेत मी."

त्या दिवसापासून त्यांनी स्वतः गाडीला हात लावला नाही. तळवे मात्र चोळायचे, सवयीने, आणि मग ते तसेच खाली ठेवायचे. मला वाटलं होतं, एका गाडीपुरतंच आहे हे. गाडी चालू झाली, म्हणजे माझं काम झालं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मग बारशाचं बोलावणं आलं. डोंबिवली पूर्वेला छोटासा हॉल. मला त्यांनी सगळ्या पाहुण्यांना "यांनी माझी गाडी वाचवली" अशी ओळख करून देत फिरवलं. पाळणा झाला, नाव ठेवलं, फोटोवाला म्हणाला, आता आजोबांनी बाळाला घ्या.

त्यांनी हात पाठीमागे नेले.

"नको. मी असाच उभा राहतो शेजारी."

"अहो बाबा, घ्या ना," सून म्हणाली. "जन्मल्यापासून एकदा तरी घेतलंत का तिला?"

"पडेल गं."

"तुमच्या हातून? अर्ध्या ठाण्याची पोरं धरलीत तुम्ही!"

"तेव्हा हात माझे होते," ते म्हणाले. हसून म्हणाले, म्हणून लोकही हसले. फोटोवाला घाई करत होता. सुनेने बाळ जवळच्या माणसाकडे दिलं, आणि जवळचा माणूस मी होतो. त्या फोटोत मी नातीला घेऊन उभा आहे, आणि आजोबा शेजारी हात पाठीमागे बांधून.

फोटो झाल्यावर ते हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "ती जन्मली त्याच घटकेला माझ्या हातून स्प्रिंग गेली. देवानेच सांगितलं म्हणायचं, की आता जपून. पत्रा होता म्हणून निभावलं." माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळवेना आणि थुंकताही येईना.

यानंतर तरी मी बोललो असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही दर महिन्याला तसंच वाटायचं. पण गोष्ट दोन दिवसांची असते तेव्हा ती चूक असते, दोन महिन्यांची झाली की लबाडी होते, आणि लबाडी कबूल करायला दुप्पट धीर लागतो. त्यात मला मंडळाचा चिटणीस केलं. चिटणीस काय करतो, तर नव्या माणसांवर लक्ष ठेवतो, हात पाठीमागे आहेत ना.

वर्षभरात त्यांचे गुडघे गेले. डोंबिवलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते खोपटला येईनासे झाले, तेव्हा मी त्यांच्याकडे जायला लागलो, बैठकीनंतरच्या रविवारी. गाडी आता तिथेच असायची. मी दिवाणखान्यात रूळ मांडायचो, अकरा फेरे मोजून द्यायचो, आणि ते खुर्चीतून बघायचे. सून चहा करायची आणि सहज काही सांगून जायची. बाबा आता दाढी न्हाव्याला घरी बोलावून करतात. बाबांनी दुधाचं पातेलं उचलणं सोडलं. बाबा सही करायची म्हटली की मुलाला मनगट धरायला सांगतात. तिला वाटायचं, म्हातारपण. मी एकेक ऐकायचो आणि रूळ सरळ करायचो.

नात चालायला लागली. गाडीमागे धावायची, मग थकली की माझ्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहायची. मला ती गाडीकाका म्हणायची. मी उचलायचो. कुणाचंही मूल असं गळ्यात पडलं की माणूस सुखावतो. मीही सुखावायचो, हे लपवत नाही.

एका रविवारी खिडकीच्या जाळीवर कबुतर बसलं होतं. तिला ते बघायचं होतं. खिडकी आजोबांच्या खुर्चीला लागून. ती तिथे गेली, वर बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि त्यांच्यापुढे हात वर न करता सरळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे आली. तिने विचारायचंच सोडून दिलं होतं. आजोबा उचलत नाहीत, हे तिला पाठ झालं होतं. त्यांनीही ते बघितलं. "हुशार आहे," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून तिने ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी काय करू त्याचं? त्यांना सांगा."

"आता सांगून काय उपयोग?"

"उपयोग त्यांना ठरवू दे. तुम्ही दोन वर्षं ठरवलंत ना."

पुढच्याच रविवारी दुपारी गेलो. मुलगा-सून आतल्या खोलीत होते. मी रूळ मांडले नाहीत. गळ्यातली पट्टी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोललो.

"काका, ती स्प्रिंग तुमच्या हातून तुटली नाही. माझ्या हातून तुटली. तुम्ही गच्चीत फोनवर होता तेव्हा."

त्यांनी मांडीवरची चावी उचलून बघितली. मग म्हणाले, "किती फेरे दिलेत?"

"पाच."

"मी आठ दिले होते," ते म्हणाले. "आठ. मला नीट आठवत होतं. मग वाटलं, मला आठवतंय तेच चुकतंय." मग त्यांनी विचारलं, "पाचवा जड गेला असेल."

"हो."

"हाताला कळलं होतं?"

"कळलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, काका, रागवा माझ्यावर, काहीतरी बोला. ते म्हणाले, "थांबा हो. मला आधी बघू दे." आणि ते आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघायला लागले. दोन वर्षांत ते हात खरोखरच थरथरायला लागले होते. आता कुणाच्याही सांगण्याने ती थरथर थांबणार नव्हती. मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं की त्यांना काहीतरी परत मिळेल. तेवढ्यासाठी फार उशीर झाला होता, आणि तो उशीर माझा होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. झोपेतच. नात आता शाळेत जाते, आणि तिला आजोबा आठवत नाहीत. खोपटच्या बैठकांना मी जातो, पण चिटणीसपण सोडलं. सोडताना का सोडतो तेही सगळ्यांसमोर सांगितलं. अध्यक्षांचा हात दंडावर गेला तेवढा. हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्या दुपारचंच.

माझं बोलून झालं तेवढ्यात आतून नात आली, डोळे चोळत, अर्धवट झोपेत. कंपाउंडरनी तिला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ये," म्हणाले.

ती थबकली. त्या हातांकडे नवलाने बघितलं, आणि वळसा घालून माझ्याकडे आली. मी तिला उचललं नाही. "आजोबांकडे जा, बघ, आजोबा बोलावतायत," म्हणत तिला त्यांच्याकडे ढकलायला लागलो, तशी ती रडायला लागली आणि माझ्या पायाला मिठी मारून बसली.

"ओढू नका तिला," ते म्हणाले. हात अजून पुढेच होते. मग त्यांनी ते मांडीवर घेतले. "तिला तुमचे हात माहितीयत."

मी तिला उचललं. खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या घालत राहिलो. तिची झोप पुरी झालीच नव्हती. पाच-दहा मिनिटांत तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली.

"झोपली?" त्यांनी विचारलं.

"झोपली."

"मग आता द्या."

मी ती त्यांच्या हातांवर ठेवली. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, कुठे काय धरायचं ते त्या हातांना सांगावं लागलं नाही. ते थरथरत होते आणि ती त्या थरथरीसकट झोपून राहिली, पाळण्यात झोपावी तशी. त्यांनी तिच्या कपाळावरचे केससुद्धा बाजूला केले नाहीत, नुसते बघत होते. मी समोर उभा होतो, आणि माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं.

असा अर्धा तास गेला असेल. मग तिची पापणी हलली, तिने पाय ताणले. त्यांनी लगेच मान वर करून मला जवळ बोलावलं.

"घ्या," हळूच म्हणाले. "उठतेय. उठल्यावर तुम्ही दिसायला हवेत तिला."

मी घेतली.